इंजिनाचा कायाकल्प

गेलेले तारुण्य परत मिळावे ही मनुष्याची इच्छा फार पुरातन आहे. जराजर्जर झालेल्या च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केले ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे, आणि त्या ऋषींच्या नावाचा अवलेह आजही हिवाळ्यात दुकानांत खपतो. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी कायाकल्पाचा प्रयोग करून घेतला, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याची वार्ता कुतूहलाने छापली होती. माणसाने आपल्या देहाविषयी बाळगलेली ही आशा पुढे त्याने आपल्या यंत्रांनाही लागू केली. लाख-दीड लाख किलोमीटर धावलेली, धूर ओकणारी, चढावर धापा टाकणारी मोटार एका लहानशा बाटलीने पुन्हा नवी होईल, असे सांगणारे विक्रेते विसाव्या शतकात जगभर निर्माण झाले. बाटलीतील द्रव्य इंजिनाच्या तेलात ओतावयाचे, आणि झिजलेले पोलाद जणू आपोआप भरून यावयाचे!

ही आशा कितपत खरी, हा प्रश्न वरवर पाहता मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा आहे. परंतु त्याच्या मागे एक मोठा इतिहास आहे. त्यात खरे शास्त्रीय शोध आहेत, चतुर विक्रेते आहेत, समाधानी गिऱ्हाइके आहेत, आणि एका सरकारी प्रयोगशाळेच्या प्रमुखाची नोकरी पणास लागल्याची हकीकतही आहे. तो इतिहास समजून घेतला म्हणजे जुन्या मोटारीच्या मालकाने काय करावे, हेही बरेचसे स्पष्ट होते.

आरंभ आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. बैलगाडीच्या आसाला वंगण न घातल्यास चाक कुरकुरते, आस तापतो आणि झिजतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. या कामी आपल्याकडे एरंडेलाचा उपयोग पूर्वापार होत आला. पाश्चात्त्य देशांतही वनस्पतींची तेले, जनावरांची चरबी आणि व्हेल माशाचे तेल हीच वंगणे होती. १८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, टायटसव्हिल या गावी, एडविन ड्रेक याने खोदलेल्या विहिरीतून खनिज तेल वर आले आणि हे चित्र पालटू लागले. पुढे सातच वर्षांनी, १८६६ साली, न्यू यॉर्क राज्यातील जॉन एलिस नावाच्या डॉक्टराने खनिज तेलापासून वाफेच्या यंत्रांसाठी वंगण बनविण्याचा कारखाना काढला. ‘व्हॅल्व्होलीन’ हे आजही प्रचारात असलेले नाव त्याच कारखान्यातून आले.

तथापि एरंडेलाची सद्दी एकदम संपली नाही. लंडनचे चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली वंगणाची पेढी स्थापन केली. मोटारी आणि विमाने ही नवी वाहने आली, तेव्हा त्यांच्या इंजिनांत थंडीत गोठणार नाही आणि उष्णतेत पाण्यासारखे पातळ होणार नाही असे तेल हवे होते. वेकफील्डच्या पेढीने खनिज तेलात ठरावीक प्रमाणात एरंडेल मिसळले, आणि एरंडाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून १९०९ साली ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले. पहिल्या महायुद्धातील कित्येक लढाऊ विमानांची फिरती इंजिने तर एरंडेलावरच चालत, कारण पेट्रोलमध्ये ते सहजासहजी विरघळत नसे. त्या विमानांतील वैमानिकांच्या नाकातोंडात या तेलाची वाफ जाई, आणि आपल्या आजीबाईंच्या बटव्यातील एरंडेलाचा जो गुण प्रसिद्ध आहे तो त्यांनाही अनुभवावा लागे, असे सांगतात. एरंडाच्या उत्पादनात भारत आज जगात पहिला आहे. तेव्हा तेलात दुसरे काही मिसळून त्याचा गुण वाढविण्याच्या या कथेत आपल्या भूमीतील एका सामान्य झुडपाला आरंभापासून स्थान आहे.

वंगण नेमके करते काय, हे मात्र १८८३ पर्यंत नीटसे कोणाला कळले नव्हते. त्या साली इंग्लंडमधील बोशँप टॉवर हे अभियंते आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगला वरच्या बाजूस तेल घालण्यासाठी एक भोक पाडलेले होते. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवर यांनी भोकात बूच मारले, तर ते बूचही बाहेर फेकले गेले. याचा अर्थ असा की, फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून घेतो, त्या तेलावर प्रचंड दाब निर्माण होतो, आणि आस धातूवर न टेकता तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी या घटनेचे गणित मांडले. इंजिन सुरळीत चालू असताना क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांचा एकमेकांशी प्रत्यक्ष स्पर्श जवळजवळ होतच नाही. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे विक्रेत्यांच्या दाव्यांचा विचार करताना ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

तरीही इंजिनात अशी काही स्थाने असतातच की जेथे हा थर टिकत नाही. झडपा उघडणारे कॅम आणि त्यांच्याखालचे टॅपेट एकमेकांवर जोराने घासतात. पिस्टन आपल्या फेऱ्याच्या दोन्ही टोकांशी क्षणभर थांबतो, तेथेही थर तुटतो. शिवाय तेलाला इंजिनातली उष्णता वाहून न्यावी लागते, जळणातून उरलेली काजळी पोटात घ्यावी लागते आणि आम्लांपासून धातूचे रक्षण करावे लागते. नुसत्या शुद्ध खनिज तेलाला ही सारी कामे झेपेनात. १९३१ साली कॅटरपिलर कंपनीने डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर बाजारात आणला, तेव्हा ही अडचण तीव्रतेने पुढे आली. पिस्टनच्या रिंगांभोवती काळा, चिकट थर साचून त्या खाचेतच अडकून बसत. १९३५च्या सुमारास कॅलिफोर्नियातील तेल-रसायनज्ञांनी तेलात धातूंची साबणासारखी संयुगे मिसळून हा थर साचू न देणारे वंगण तयार केले. कपड्याचा मळ जसा साबणाच्या पाण्यात तरंगतो, तशी काजळी तेलातच तरंगत राहू लागली. अशा तेलाचा रंग लवकर काळा होतो, आणि ‘तेल खराब निघाले’ म्हणून पुष्कळ लोक तक्रार करतात. वस्तुतः काळे होणे हे ते तेल आपले काम करीत असल्याचे लक्षण असते.

त्यानंतरच्या दशकात जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचे एक संयुग प्रचारात आले. प्रथम त्याचा उपयोग बेअरिंगचे क्षरण आणि तेलाचे बिघडणे थांबविण्यासाठी होत असे. पुढे असे आढळले की, जेथे धातू धातूवर घासतो तेथे हे संयुग उष्णतेने व दाबाने विघटित होऊन एक सूक्ष्म, बलिदान करणारा लेप निर्माण करते. झीज त्या लेपाची होते, पोलादाची नव्हे. थंडीत तेल गोठू न देणारी द्रव्ये आली, फेस न होऊ देणारी आली, आणि उष्णतेत तेलाचा दाटपणा, म्हणजे शास्त्रीय भाषेत श्यानता, टिकवून धरणारी लांबलचक रेणूंची द्रव्येही आली. या सर्व पूरक द्रव्यांना बाजारात ‘ॲडिटिव्ह’ म्हणतात. आज दुकानातून आपण घेतो त्या तेलाच्या डब्यात साधारणतः दहा ते वीस टक्के भाग याच द्रव्यांचा असतो. आपल्या देशातही १९६६ साली भारत सरकारच्या भागीदारीने लुब्रिझॉल कंपनीचा भारतीय उद्योग स्थापन झाला, आणि तुर्भे येथे ही द्रव्ये तयार होऊ लागली. तेव्हा पूरक द्रव्ये ही सरसकट फसवणूक आहे असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. आधुनिक इंजिनाचे दीर्घायुष्य पुष्कळ अंशी त्यांच्याच बळावर उभे आहे.

परंतु या सत्यातूनच एक चुकीचे अनुमान निघाले. कारखान्यात घातलेले थोडे द्रव्य जर इतके गुणकारी, तर मालकाने वरून आणखी घातल्यास ते अधिक गुणकारी होईल, असे लोकांना वाटू लागले. वैद्याने सांगितलेल्या मात्रेच्या दुप्पट औषध घेतल्याने रोग निम्म्या वेळात बरा होत नाही, हे आपण जाणतो. तेलाचेही तसेच आहे. मळ धुणारे द्रव्य आणि झीज थांबविणारे द्रव्य ही दोन्ही धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळविण्यासाठी धडपडत असतात. एकाचे प्रमाण अविचाराने वाढविले तर दुसऱ्याचे काम बिघडते. तेल बनविणाऱ्याने महिनोगणती इंजिने चालवून, खोलून, मापे घेऊन जो समतोल साधलेला असतो, तो एका बाटलीने ढळू शकतो.

येथे थोडे आडवळण घेऊन एका प्रसिद्ध प्रकरणाकडे पाहणे उचित होईल. त्यातील द्रव्य इंजिनाच्या तेलात घालावयाचे नव्हते, मोटारीच्या बॅटरीत घालावयाचे होते. पण म्हाताऱ्या यंत्राला तारुण्य देण्याचा दावा अगदी तोच होता. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे जेस रिची नावाचे एक धडाडीचे उद्योजक ‘एडी-एक्स टू’ नावाची पूड विकीत असत. तीत मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम यांचे सल्फेट होते, म्हणजे जुलाबासाठी देतात त्याच जातीचे क्षार. मरणपंथास लागलेली बॅटरी या पुडीने पुन्हा सशक्त होते, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेची ‘नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स’ ही १९०१ साली स्थापन झालेली सरकारी मापन-प्रयोगशाळा अशा पुडींची तपासणी कित्येक वर्षे करीत आली होती, आणि त्यांचा उपयोग नाही असा तिचा निष्कर्ष होता. या पुडीविषयीही तिने तेच सांगितले. १९५३च्या फेब्रुवारीत टपाल खात्याने, फसवणुकीच्या कारणावरून, या मालाचा टपालाने चालणारा व्यवहार बंद केला.

त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये नवे सरकार आले होते. नवे व्यापारमंत्री सिंक्लेअर वीक्स यांना प्रयोगशाळेचा निर्णय उद्योगाच्या मार्गातील अडथळा वाटला. गिऱ्हाईक जर पैसे देऊन माल घेतो आणि समाधानी असतो, तर सरकारने मध्ये का पडावे, बाजाराचा कौल प्रयोगशाळेने का विचारात घेऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. टपाल खात्याची बंदी त्यांच्या विनंतीवरून स्थगित झाली, आणि मार्च महिन्यात प्रयोगशाळेचे संचालक, पदार्थवैज्ञानिक ॲलन ॲस्टिन, यांचा राजीनामा मागण्यात आला. ही बातमी फुटताच देशभर खळबळ उडाली. प्रयोगशाळेतील शेकडो शास्त्रज्ञांनी आपणही नोकरी सोडू असे कळविले. शास्त्रीय संस्थांनी निषेध नोंदविला. एप्रिलमध्ये मंत्र्यांना ॲस्टिन यांना तात्पुरते आणि ऑगस्टमध्ये कायमचे पदावर ठेवावे लागले. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या स्वतंत्र समितीने नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला : प्रयोगशाळेचे काम निर्दोष होते, आणि पुडीत काही गुण नव्हता. ॲस्टिन पुढे १९६९ पर्यंत संचालक राहिले.

या प्रकरणात मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटतात ती त्या पुडीची समाधानी गिऱ्हाइके. त्यांची प्रशस्तिपत्रे खोटी नव्हती. त्यांतील अनेकांना बॅटरी सुधारल्याचा खराखुरा अनुभव आला होता. गोष्ट अशी होती की, पूड घालताना बॅटरी काळजीपूर्वक, सावकाश भारित करावी अशी सूचना सोबत असे. दुर्लक्षित बॅटरी अशा रीतीने भारित केली म्हणजे पुडीवाचूनही पुष्कळदा सुधारते. पूड न घातलेली, पण तशीच भारित केलेली दुसरी बॅटरी शेजारी ठेवून तुलना करण्याची कल्पना सामान्य माणसाला सुचत नाही, आणि सुचली तरी त्याच्याजवळ दुसरी बॅटरी नसते. प्रयोगशाळा नेमकी तेवढीच तुलना करते. इंजिनाच्या बाटलीचेही असेच होते. मालक जुने तेल काढून नवे भरतो, गाळणी बदलतो आणि बाटली ओततो. नंतर काही दिवस मोटार जपून चालवितो आणि तिच्या आवाजाकडे कान लावून बसतो. मोटार खरोखरच मऊ चालू लागते. श्रेय मात्र नव्या तेलाला न जाता बाटलीला जाते.

इंजिनाच्या बाटल्यांत सर्वांत नावाजलेली बाटली ‘एसटीपी’ची. १९५४ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात, सेंट जोसेफ या गावी तिचा जन्म झाला. १९६१ साली स्टुडबेकर ही मोटार कंपनी तिची मालक बनली, आणि १९६३ पासून अँडी ग्रॅनाटेली हे शर्यतींच्या जगातील दणकट व्यक्तिमत्त्व तिचे सूत्रधार झाले. १९६९ साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत मारिओ आंद्रेत्ती यांनी ग्रॅनाटेलींच्या मोटारीतून जिंकली, आणि त्या मोटारीवरचे नाव घराघरांत पोहोचले. जाहिरातीत एक खेळ दाखवीत : पेचकसाचे टोक या द्रव्यात बुडवून ते चिमटीत धरावयास सांगत, आणि पेचकस हातातून निसटे. बोटांतून निसटणे आणि इंजिनाची झीज थांबणे यांचा परस्परसंबंध काय, हे कोणी विचारीत नसे. वस्तुतः बाटलीत मुख्यतः तेल दाट करणारे द्रव्य होते. अमेरिकेच्या ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ मासिकाने १९७१ साली तिची परीक्षा करून, असे दाटपण हवेच असेल तर ते योग्य श्यानतेच्या तेलानेही मिळते, असे दाखवून दिले. तेल जळण्याचे प्रमाण या द्रव्याने वीस टक्क्यांनी घटते, हा दावा तर विश्वसनीय प्रयोगांवर उभाच नव्हता. १९७६ साली संघीय व्यापार आयोगाने कंपनीला असे निराधार दावे करण्यास मनाई केली. १९७८ साली कंपनीने पाच लाख डॉलर दंड भरला, आणि त्या दंडाची हकीकत वृत्तपत्रांतून स्वखर्चाने छापण्यासाठी आणखी दोन लाख डॉलर खर्चिले.

पुढील पिढीतील बाटली ‘स्लिक फिफ्टी’ची. तिच्यात टेफ्लॉन जातीच्या द्रव्याचे सूक्ष्म कण होते. थंड इंजिन सुरू करताना धातू धातूवर घासतो आणि इंजिनाचा नाश होतो, अशी भीती तिच्या जाहिराती घालीत. १९९६ साली आयोगाने तक्रार गुदरली, आणि १९९७ साली तडजोड होऊन कंपनीला ते दावे सोडावे लागले. आयोगाचे म्हणणे साधे होते : उत्पादकाने सांगितलेले तेल वापरले असता बहुतेक इंजिनांना सुरू होताना पुरेसे संरक्षण असते, आणि अशा झिजेने इंजिने अकाली निकामी होण्याचे प्रकार विरळाच घडतात. टॉवर यांच्या त्या बुचाची आठवण येथे होणे साहजिक आहे.

याच १९९६ साली ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ने एक मोठी परीक्षा प्रसिद्ध केली. न्यू यॉर्क शहरातील पंचाहत्तर टॅक्सींना नव्याने बांधलेली इंजिने बसविण्यात आली. प्रत्येक टॅक्सी साठ हजार मैल चालविली, आणि नंतर इंजिने खोलून झीज मोजली. निरनिराळ्या नामांकित तेलांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही, आणि वरून घातलेल्या बाटल्यांचाही उल्लेखनीय लाभ दिसला नाही. निष्पक्षपणे एवढे सांगितले पाहिजे की, ही इंजिने नव्याने बांधलेली होती. आधीच झिजलेल्या इंजिनाविषयी या परीक्षेतून थेट उत्तर निघत नाही. जुन्या मोटारीचा प्रश्न म्हणून स्वतंत्रपणे तपासावा लागतो, आणि त्यासाठी प्रथम रोगाचे निदान हवे.

इंजिनाचे वार्धक्य एकाच प्रकारचे नसते. सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर तेल वर चढून जळते आणि निळा धूर येतो. दाबही कमी होतो आणि शक्ती घटते. अशा वेळी तेल दाट करणारी बाटली ओतली असता धूर काही काळ कमी दिसेल, तेलाचा दाब दाखविणारा काटाही वर चढेल. पण धातू गेला तो गेला. बाटली त्या झिजेला झाकते, भरून काढीत नाही. आणि थंड सकाळी ते फार दाट तेल वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते, हा तोटा वेगळाच. येथे खरा उपाय मिस्त्रीच्याच हाती आहे : रिंगा बदलणे, प्रसंगी सिलिंडर बोअर करून घेणे. दुसरा रोग रबरी सीलांचा. उष्णतेने ती वाळतात, आक्रसतात आणि तेल ठिबकू लागते. सील किंचित फुगवून मऊ करणारी द्रव्ये खरोखरच असतात, आणि सील फाटलेले नसेल तर त्यांनी ठिबकणे कमी होऊ शकते. २००० साली जास्त धावलेल्या मोटारींसाठी म्हणून खास तेल बाजारात आले, त्यात अशीच द्रव्ये विचारपूर्वक घातलेली होती. तिसरा रोग गाळाचा. तेल बदलण्यात वर्षानुवर्षे हयगय झाली म्हणजे आत काळा गाळ साचतो. तो एकदम सुटा करणारे तीव्र द्रव्य घातले, तर सुटलेला गाळ तेलाच्या पंपाची जाळी बुजवू शकतो, आणि रोगापेक्षा औषध भयंकर ठरते. चांगले तेल भरून ते काही वेळा लवकर लवकर बदलणे हा सावकाश पण निर्धोक मार्ग होय.

एका बाबतीत मात्र जुन्या मोटारीची तक्रार न्याय्य आहे, आणि ती मी आवर्जून सांगतो. वर उल्लेखिलेल्या जस्ताच्या संयुगातील फॉस्फरस धुराबरोबर बाहेर पडून उत्प्रेरकी धूरशोधकाला, ज्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात त्याला, निकामी करतो. आपल्याकडे १९९५च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या मोटारींना हे उपकरण आवश्यक झाले. म्हणून पेट्रोल मोटारींच्या तेलातील फॉस्फरसचे प्रमाण क्रमशः उतरविण्यात आले : आधीच्या ०.१२ टक्क्यांवरून ०.१० वर, आणि २००४च्या नव्या मानकात बहुतेक तेलांसाठी ०.०८ टक्क्यांवर. नव्या इंजिनांत कॅमवर रोलर फिरतात, त्यांना हे पुरते. जुन्या इंजिनांत सपाट टॅपेट कॅमवर घासत असतात, त्यांना जस्ताची गरज अधिक. मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातील अँबॅसडर ही उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत होती; तिचे जुने १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन याच जातीचे. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यास बनविलेली फिएट, जी पुढे प्रीमिअर पद्मिनी या नावाने ओळखली गेली, तिचेही इंजिन याच जातीचे होते. अशी गाडी ज्यांनी जिव्हाळ्याने सांभाळली आहे त्यांनी तेल घेताना त्यात जस्त व फॉस्फरस किती आहे हे पाहावे. पण येथेही उत्तर बहुधा वेगळी बाटली हे नसून, त्या इंजिनाला योग्य असे तेल निवडणे हेच आहे. कारण जस्त मर्यादेबाहेर वाढविणेही हितकर नसते.

या प्रश्नात पैशाची बाजूही आहे, आणि ती अवघड आहे. जुनी मोटार बहुधा श्रीमंताकडे नसते. मुंबईच्या रस्त्यांवर ज्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी अनेक दशके धावल्या, त्यांतली अखेरची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होताच २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीवर ज्याचे घर चालत होते त्याच्यापुढे पर्याय असत ते असे : इंजिन उतरवून काम करावयाचे, म्हणजे मोठा खर्च आणि काही दिवसांची बुडालेली कमाई, किंवा काही शे रुपयांची बाटली ओतून आणखी थोडे दिवस काढावयाचे. त्याने बाटली घेतली तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्या अडचणीवर जो धंदा उभारला जातो त्याविषयी मात्र बोलले पाहिजे. ज्याला पैशाची सर्वांत निकड आहे त्याच्याच खिशातून हा पैसा जातो, आणि आवश्यक ती दुरुस्ती लांबणीवर पडून शेवटी अधिक महाग होते. तेवढ्याच पैशात तेल आणि गाळणी वेळेवर बदलली असती, तर इंजिनाचे आयुष्य निश्चित वाढले असते. तेलाची पातळी आठवड्याला काढून पाहणे हे तर फुकटच आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. चांगल्या तेलात आवश्यक ती पूरक द्रव्ये आधीच असतात, आणि ती इंजिनाची झीज खरोखर मंदावितात. वरून ओतलेली बाटली झिजलेला धातू परत आणीत नाही. सील आक्रसल्यासारख्या एखाद्या ठरावीक दोषावर ती थोडाफार उपयोग करील, दाटपणाने एखादे लक्षण काही दिवस झाकील, आणि अविचाराने वापरली तर अपायही करील. हे उत्तर सांगावयास सोपे आहे. ते मिळविण्यास मात्र कोणीतरी इंजिने चालवून, खोलून, सूक्ष्ममापकाने मोजावी लागली.

शासनाच्या सेवेत असलेल्या माणसाला ॲस्टिन यांच्या हकीकतीचे महत्त्व वेगळेच वाटते. दोन क्षारांची ती पूड स्वतः क्षुल्लक होती. परंतु मोजून जे आढळले तेच लिहावयाचे की वरिष्ठांना आणि बाजाराला रुचेल ते लिहावयाचे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. ज्याच्याजवळ एकच मोटार आहे त्या नागरिकाला तुलना करून पाहण्याचे साधन नसते. ती तुलना त्याच्या वतीने कोणीतरी निःपक्षपणे करावी लागते. आपल्या देशात १९४७ साली भारतीय मानक संस्था निघाली, ती याच गरजेतून, आणि आज तिचे काम भारतीय मानक ब्युरो करीत आहे. अशा संस्थांतील परीक्षकाची नोंदवही जोपर्यंत कोणाच्या दडपणाखाली लिहिली जात नाही, तोपर्यंत दुकानातल्या बाटलीवर काहीही छापलेले असले, तरी खरे काय ते शोधण्याची वाट सामान्य माणसाला मोकळी राहते.